कौतिक पेंटरची हसरी अक्षरं

कौतिक पेंटरला हसताना पाहिलेला माणूस दोंडाईच्यात सापडायचा नाही. त्याची अक्षरं मात्र हसल्याशिवाय राहत नसत. देवाचा कारभार असाच उफराटा. ज्याला तोंड उघडायचा कंटाळा त्याच्या हातात बोलकं अक्षर देतो, आणि माझ्यासारख्या तोंडाळ माणसाला जन्मभर शिशाचे खिळे जुळवत गप्प बसवतो.

मी तोताराम, सगळे मला नाना म्हणतात. स्टेशन रोडवरच्या एका छापखान्यात कंपोझिटर होतो. एकेका अक्षराचा खिळा खणातून उचलायचा, पट्टीत उभा करायचा, ओळ घट्ट बसवायची. एक खिळा जरी वर उचलला गेला तरी मालकाच्या आधी मलाच राग यायचा. अक्षर म्हणजे शिस्त, असं माझं ठाम मत होतं. त्यामुळे ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात स्टँडसमोरच्या रसवंतीवर कौतिकनं रंगवलेली पाटी पाहिली तेव्हा माझं डोकंच फिरलं.

शिरोरेषा मधेच खाली झोळलेली, धुणं वाळत घातलेल्या दोरीसारखी. तिला धरून 'र' एका पायावर उभा. 'स' पोट पुढे काढून ऐटीत. 'व'च्या डोक्यावरचा अनुस्वार उडून भलतीकडेच गेलेला, आणि 'ती'ची वेलांटी शेजाऱ्याला टपली मारायला वाकलेली. पाटीखाली शिडीवर एक काळासावळा, हाडकुळा तरुण ब्रश पुसत उभा होता. मी विचारलं, "काय रे, हाई कोनतं अक्षर शे?"

"असंच," तो म्हणाला.

त्याच्याशी माझं झालेलं हे पहिलं बोलणं, आणि पुढच्या वीस वर्षांतल्या बोलण्याचा मासलाही हाच.

पण त्या 'असंच'ला गावात भलतीच मागणी आली. कुल्फीच्या गाड्या, पतंगाची दुकानं, बालवाडीच्या भिंती, यात्रेतल्या सर्कशीचे पडदे, लग्नघराच्या दारावरची नवरा-नवरीची नावं, सगळीकडे कौतिकचं अक्षर. कन्हैयालाल शेठजींच्या मिरचीच्या वखारीवर त्यानं 'मिरची' असं काढलं होतं की तिन्ही अक्षरांना ठसका लागलेला दिसायचा. बाजाराला आलेले खेडूत बैलगाडी थांबवून ते बघत. ज्यांना वाचता येत नव्हतं तेही बघत आणि हसत. हा मान माझ्या छपाईला कधी मिळाला नाही, आणि ते मला जरा लागलंही.

झुंबरलाल शेठनं तेवढी आपल्या आडतीच्या पेढीची पाटी त्याला दिली नाही. "अरे, पेढीवरचं अक्षर हसायला लागलं, तर गिऱ्हाईक म्हणेल शेठ आपल्यालाच हसतोय," असं तो म्हणाला. डॉक्टर, वकीलही त्याला बोलवत नसत. आणि कुणी वारलं की चौकात जो काळ्या काठाचा फलक लागतो, तो करायलाही नाही. कौतिक खरं तर साधं, उभं अक्षरही काढू शकला असता. पण त्याचा हात तिकडे वळायचाच नाही. दुःखाचं अक्षर त्याच्याकडे नव्हतं. त्याच्या आयुष्याचा सगळा घोटाळा तिथेच झाला असं माझं मत आहे.

त्याची बायको ताईबाई एरंडोलची. चौथीपर्यंत शिकलेली, नीटनेटकी, आणि नवऱ्याच्या अक्षरांचं तिला कोण कौतुक. बाजारात निघाली की पाट्या वाचत वाचत चालायची. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्यांना मुलगा झाला, आणि पाचवी पुजायच्या आतच गेला. ताईबाई भिंतीला टेकून बसली ती बसलीच. कौतिकचे आईवडील आधीच गेलेले. घरात दुसरं माणूस नाही. कौतिक तिच्या समोर बसला, उठला, पुन्हा बसला. एक शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रंगाचे डबे उचलून तो कामाला गेला.

काम होतं कुल्फीच्या नव्या गाडीचं. संध्याकाळी ती गाडी घंटी वाजवत त्यांच्याच गल्लीत आली आणि नेमकी दारासमोर थांबली. अंगावर ताज्या रंगाची, ओली, खदखदून हसणारी अक्षरं. कौतिक घरी आला तेव्हा ताईबाईनं विचारलं, "ती गाडी आज रंगाडी का?"

"हा," तो म्हणाला.

हे सगळं मला तिनं जाताना सांगितलं. तिचा भाऊ हिलाल तिला न्यायला आला होता, आणि मी शेजारधर्म म्हणून समजूत घालायला गेलो होतो. ती रडत नव्हती. ती म्हणाली, "नाना, त्यासना हात लाकडाले बी बोलतं करस. माले एक शब्द नही भेटना." हिलाल दारात कौतिकला म्हणाला, "घेवाले ये, पन बोलीसन घी जा."

आमच्याकडे माहेरी गेलेली बायको आपण होऊन परत येत नाही. सासरचं कुणी वडीलधारं तिला घ्यायला जातं. ओट्यावर बसतं, चार शब्द बोलतं, चार ऐकतं, मग तिची पाठवणी होते. या माणसाला आम्ही मूळ म्हणतो. आणि नवरा झाला तरी न बोलावता, रिकाम्या हातानं सासरवाडीची पायरी चढत नाही. लोक हसतात. मी कौतिकला म्हटलं, मी मूळ म्हणून येतो, चल. तो म्हणाला, "तिकडचं काम निंघू द्या, मंग जासू." म्हणजे याला बायकोला भेटायला जायलासुद्धा पाटी पाहिजे होती.

काम निघालं. एरंडोलला एका कासारानं बांगड्यांचं दुकान काढलं, आणि दोंडाईच्याची पाटी पाहून कौतिकला बोलावलं. दुकान ताईबाईच्या गल्लीच्या तोंडाशी. सकाळपासून तो शिडीवर. दुपार झाली तशी हिलालची बायको भिकुबाई फडक्यानं झाकलेलं ताट घेऊन आली आणि काही न बोलता दुकानाच्या पायरीवर ठेवून उभी राहिली. कळण्याची भाकरी, भरीत, आणि शेवटाला गुळाचा खडा. जेवणानंतर गुळाचा खडा तोंडात टाकायची कौतिकची सवय फक्त एका माणसाला माहीत होती.

त्यानं जेवून ताट विसळून परत दिलं. भिकुबाई ते घेऊन गेली. इतकंच. पण तो दोंडाईच्याला आला तो सरळ छापखान्यात माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "गूळ व्हता, नाना." चेहरा तसाच कोरा. मला मात्र त्या दिवशी त्याचा फार लोभ वाटला.

मग ती रीतच पडली. एरंडोलला कधी रसवंती निघे, कधी बालवाडीची भिंत, कधी पतंगाचं दुकान. पाटीवर पहिलं अक्षर उमटलं की गल्लीत बातमी जाई आणि दुपारी ताट येई. बोलणं नाही, चालणं नाही. ती पाटीवरून ओळखायची की तो आला, तो ताटावरून ओळखायचा की ती आहे. वर्षातून एकदा-दोनदा. मी वैतागून म्हणायचो, अरे, ताट येतं त्या रस्त्यानं तू जा की. पन्नास पावलांवर दार आहे. तो म्हणायचा, "जासू. पुढली खेपले जासू." असं म्हणता म्हणता किती संक्रांती गेल्या. स्टेशनजवळच्या खोलीत तो एकटा भाकरी थापायचा आणि ब्रश रॉकेलात बुडवून ठेवून फलाटावर जाऊन बसायचा. सुरतेकडची गाडी जायची, भुसावळकडची जायची. त्याला कुठेच जायचं नसायचं.

एकदा, ब्याण्णवच्या आसपास, तो आपण होऊन म्हणाला की आता पुढच्या खेपेला खरंच पायरी चढतो. मला मूळ म्हणून बरोबर घेणार होता. मी धोतरही धुऊन ठेवलं.

ती पुढची खेप आली नाही. आला तो बन्सीलाल.

बन्सीलाल जळगावचा, मारवाडी कुटुंबातला, बोलायला गोड आणि मनानंही वाईट नाही. त्यानं कॉम्प्युटर घेतला होता. म्हणाला, भाऊ, तुमचं अक्षर मला द्या. सगळी बाराखडी, सगळी जोडाक्षरं, आकडे, जाड कागदावर काढून द्या. मशिनीत भरतो, मग कुणालाही वापरता येईल. कौतिकला पैसे चोख दिले, चहा पाजला, वाकून नमस्कार केला. कौतिकनं महिनाभर खोलीचं दार लावून अक्षरं काढली. मला दाखवायला आणली तेव्हा मी एकेक कागद हातात घेऊन पाहिला. 'ठ' ढेरी धरून बसलेला, 'ळ' म्हणजे गळ्यात गळा घातलेली दोन पोरं. इतकी वर्षं मी ज्याला बेशिस्त म्हणत होतो त्यात केवढा हिशेब होता ते मला त्या दिवशी कळलं. मी त्याला म्हटलं, झकास. बन्सीलालनं त्या अक्षराला नाव मात्र आपल्या धाकट्या मुलीचं दिलं. पिंकी. कौतिकला विचारलं, चालेल का. तो म्हणाला, "असू द्या."

पिंकी बघता बघता खानदेशभर पसरली. कॉम्प्युटरवरून अक्षर मोठं काढायचं, कागद कापायचा, पत्र्यावर ठेवायचा, वरून रंगाचा फवारा मारायचा. तासाभरात पाटी तयार. जळगावला सांगा, संध्याकाळच्या एसटीनं येते. लग्नपत्रिका पिंकीत, बारशाची पत्रिका पिंकीत, शेंगदाण्याच्या पुड्या पिंकीत. मग पेंटरला शिडीवर कशाला चढवायचं? आमचा छापखानाही त्याच सुमारास बसला, तेव्हा मला दुसऱ्याचं फार वाईट वाटून घ्यायला सवड नव्हती. मी पत्रिकांची नमुन्याची वही घेऊन दुकान मांडलं. कौतिक पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायचा, पाण्याच्या टाक्यांवर आकडे घालायचा.

एरंडोलहून त्याला बोलावणं येईना. काम नाही म्हणून तो जाईना. मी म्हटलं, चल, कामाशिवाय जाऊ. तर म्हणाला, "काय सांगीसन जाऊ?" मी खूप बोललो, शिव्याही घातल्या. तो ऐकून घ्यायचा आणि फलाटावर जाऊन बसायचा. अशी पाच-सहा वर्षं गेली. त्याच्या कानशिलावर पांढरं दिसायला लागलं. मला वाटलं, संपलं हे प्रकरण.

आणि मग अठ्ठ्याण्णवच्या लग्नसराईत भिकुबाई माझ्या दुकानात येऊन उभी राहिली. दोंडाईच्याला कुणा नातलगाच्या लग्नाला आली होती, पण मुद्दाम वाट वाकडी करून आलेली. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "नाना, ते गावमा येतस नि जातस, पायरी चढाले लाजतस. आते तुम्हीच त्यासले लई या. नणंद येवाले तयार शे."

मी म्हटलं, कोण येतं गावात? ती म्हणाली, "तुम्हना पेंटर." मला वाटलं, बाईचा काही घोटाळा होतोय, जुन्या गोष्टी सांगतेय. मी फार खोलात गेलो नाही. तयार आहे हा एकच शब्द मी धरला आणि कौतिकच्या खोलीकडे धावलो. तो तांदूळ निवडत होता. ऐकून ताट बाजूला ठेवलं, आणि बराच वेळ नुसते हात पुसत राहिला. मग म्हणाला, "कव्हय जावानं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धुळ्याला गाडी बदलून एरंडोलला उतरलो. त्यानं दाढी केली होती, नवा सदरा घातला होता. स्टँडच्या बाहेर पाऊल टाकलं आणि आम्ही दोघंही थांबलो.

समोर रसवंती. तिच्या शेजारी एसटीडीचा पिवळा बूथ, मोबाइलबिबाइल काही नव्हतं तेव्हा. पुढे कटलरी, त्याच्यापुढे फरसाण, झेरॉक्स, सायकलचं दुकान. सगळ्यांवर कौतिकचं अक्षर. तीच झोळलेली रेघ, तीच ढेरी, तोच उडालेला अनुस्वार. आख्खा बाजार हसत होता. कौतिक एका पाटीजवळ गेला, पत्र्यावर बोट फिरवलं. "मनं अक्षर शे, नाना," तो म्हणाला. "पन मी काढेल नही शे."

भिकुबाई काय म्हणत होती ते मला तेव्हा उमजलं. ताईबाईच्या लेखी पाटी म्हणजे तो येऊन गेल्याची खूण होती. पहिल्यापासून तसंच ठरलेलं. आणि इकडे तो दोंडाईच्याला बैलांची शिंगं रंगवत असताना एरंडोलात एकामागून एक पाट्या लागत होत्या. तिला वाटत होतं, तो येतोय. पूर्वीपेक्षा जास्त येतोय.

मी त्याचा दंड धरला आणि रस्त्याच्या कडेला नेऊन बजावलं, "कौतिक, जन्मभर मुका राहिलास, आज शेवटचं मुकं राहायचं. पाट्यांचं ती काही बोलली तर मान हलवायची. फक्त मान. ती घरी येऊ दे, मग वर्षभरानं काय सांगायचं ते सांग." त्यानं माझ्याकडे पाहिलं. हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

हिलालनं आमचं आगतस्वागत नीट केलं. ओट्यावर सतरंजी टाकलेली, आणि समोरच्या पिठाच्या गिरणीवरही तीच हसरी पाटी. मी मूळ म्हणून रीतीचे चार शब्द बोललो. झालं गेलं गंगेला मिळालं, दोघांची उमर जाते आहे, पोरीला पाठवा. हिलाल म्हणाला, आमची ना नाही. आतून भांड्यांचा आवाज येत होता आणि भाजलेल्या वांग्याचा वास. दाराशी एक गाठोडं बांधून ठेवलेलं मला दिसलं. मी मनात म्हटलं, जिंकलं.

ताईबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. अंगानं सुकली होती, पण चालणं तेच नीटनेटकं. तिनं पाणी माझ्यापुढे ठेवलं, मग कौतिकपुढे, आणि पदराचं टोक धरून दाराला टेकून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट एखाद्या लाजाळू पोराला कुणी पकडावं तसं ती त्याच्याकडे बघत होती.

"इतल्या खेपा उनात," ती म्हणाली, "नि कव्हय बी थांबनात नही. नवी पाटी दखी का मी भाकरी टाकू. वहिनी ताट लई जाये, तं तुम्ही निंघी जायेल. मी म्हनू, लाजतस. जाऊ द्या, गावमा तं येतस."

भिकुबाई आतून हसली. हिलालही हसला. मी कौतिकच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो, तो मी जोरात दाबला.

"गिरनीवरली पाटी तं मना दारसमोरच शे," ताईबाई म्हणाली. "ती मनासाठेच काढी ना?"

मान हलवायची होती. इतकंच. मी त्याच्या मानेकडे बघत राहिलो. लोक म्हणतात खोटं बोलायला जीभ लागते. त्याला तर जीभही नको होती. पण जी रेघ आपल्या हातानं ओढली नाही ती आपली म्हणणं या माणसाला जमणार नव्हतं. ते मला त्याची मान ताठ झाली तेव्हाच कळलं.

"ती मी काढेल नही," तो म्हणाला. "कोनतीच नही. ती मशीन काढस. बालवाडीनी भीत रंगाडी, तेन्हापाशी मी आठे उनाच नही."

एका दमात इतकं बोललेला मी त्याला पहिल्यांदाच ऐकत होतो.

ताईबाईला ते लगेच पोचलं नाही. तिनं समोर गिरणीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा गिरणीकडे. ओठांवरचं हसू तिथेच राहिलं होतं, ते आवरायचं राहून गेलं होतं.

"मंग कोन येत व्हतं?" तिनं विचारलं.

"कोनीच नही," कौतिक म्हणाला.

ती खाली बसली. उंबऱ्याच्या आतच, गाठोड्याशेजारी. मी खूप बोलणारा माणूस, मशीन म्हणजे काय, बन्सीलाल कोण, यात कौतिकचा काय दोष, हे सगळं समजावून सांगायला लागलो. ती ऐकत होती की नाही देव जाणे. थोड्या वेळानं ती उठली, भिकुबाईला म्हणाली, "यासले वाढ," आणि आतल्या खोलीत गेली. ती पुन्हा बाहेर आली नाही.

आम्ही जेवलो. जेवावं लागतं. हिलाल हात धुवायला पाणी घालताना हळूच म्हणाला की पुढे बघू, आत्ता तिला नका बोलू. गाठोडं तिथेच होतं.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. कौतिक खिडकीशी बसला होता. मला त्याचा राग आला होता, इतका राग मला उभ्या आयुष्यात कुणाचा आला नसेल, आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटत होतं. पारोळ्याच्या अलीकडे तो आपण होऊन म्हणाला, "नाना, हा म्हनतू तं ती येती."

"आली असती," मी म्हटलं. मी कशाला खोटं बोलू?

तो बाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "येती. पन जो येत व्हता, त्यानासंगे येती."